उकळलेलं मूळ

वरचा काप

"ही पट्टी कुठली?" मिराशीसरांनी डोळा सूक्ष्मदर्शकाला लावलेलाच ठेवून विचारलं.

"उकळलेली, सर."

"नीट बघून सांगा."

काचपट्टीच्या कडेला चिकटवलेली चिठ्ठी वाचायला मी वाकले. तशी गरज नव्हती, अक्षर माझंच होतं. "उकळलेलीच आहे," मी म्हणाले.

सर बाजूला झाले. "या. बघा."

मी बघितलं. मुळ्याच्या कोवळ्या रोपाचं मूळ, उभं चिरलेलं, कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ काप. आणि त्यात रंग. ओल्या विटेसारखा तांबूस, वरच्या बाजूला तर चांगलाच गडद.

"मगदूम, उकळलेलं मूळ रंगत नाही."

"होय, सर."

"मग हे काय?"

"मी उकळलं होतं, सर."

सर रागावले नाहीत. ते रागावत नसत. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला आणि माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मला वाटलं, त्यापेक्षा ओरडले असते तर बरं.

"तुमच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल कधी होत नाही, हे मला माहीत आहे. म्हणजे उकळायचं राहिलं. होतं असं. तुम्ही सकाळपासून उभ्या असता, खाण्याचा पत्ता नसतो."

"राहिलं नाही, सर."

त्यांनी टेबलावरचा एक कोरा कागद ओढला आणि उभ्या उभ्या लिहिलं. मग मोठ्यानं वाचून दाखवलं. "उकळण्याची पायरी अनवधानाने राहून गेल्याने या मालिकेतील निरीक्षणे रद्द धरावीत. एवढं वाक्य अहवालात घाला. सोमवारी मी सही करतो, मंगळवारी तो विद्यापीठात जाईल, तुमची शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी चालू राहील. कुणी काही विचारणार नाही."

"आणि नाही घातलं तर?"

"तर मी सही कशावर करू?" हे त्यांनी मला खरोखरच विचारलं. "उकळलेल्या मुळाला रंग आला, यावर?"

कागद त्यांनी माझ्या हातात दिला. मी तो घेतला. शिष्यवृत्ती गेली तर गावी परत जायचं होतं. घरी कुणी तसं बोलून दाखवत नव्हतं, पण खोलीवर मी माझी ट्रंक माळ्यावर न टाकता दाराशीच ठेवायची.


कृती

हे मधेच सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मुळ्याचं बी ओल्या टिपकागदावर रुजत घाला. मूळ बोटाच्या पेराएवढं झालं की ते बटाट्याच्या फोडीत धरून ब्लेडनं त्याचे काप काढा. काप ग्वायकॉलच्या द्रावणात बुडवा. वास धुरकट येतो, कुणीतरी ओलं लाकूड पेटवल्यासारखा. त्यात हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब सोडा. थांबा.

पेशीत पेरॉक्सिडेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, कामावर असेल तर रंग येतो. जितकं जास्त काम, तितका गडद रंग.

मुळाची गंमत अशी, की त्यातल्या पेशीचं वय अंतरावरून कळतं. अगदी टोकाशी नुकत्या जन्मलेल्या पेशी. त्यांच्या वर, लांब होत जाणाऱ्या. त्याहून वर गेलं की लांबायचं थांबलेल्या, भिंती कडक करून बसलेल्या. या भिंती कडक करण्यात पेरॉक्सिडेजचा हात असतो. म्हणून टोक फिकट आणि वरचा भाग गडद. रंग बघत खाली यायचं, म्हणजे जुन्याकडून नव्याकडं यायचं. मी ही गोष्ट तशीच सांगते आहे.

माझा प्रश्न एवढाच होता, की मूळ वाढत असताना हे कडक होणं नेमकं कुठून सुरू होतं.

आता शेवटची पायरी. एक मूळ उकळा. उकळल्यानं विकर मरतं. त्या मेलेल्या मुळावर हेच सगळं करा. ते पांढरं राहिलं, तरच बाकीच्या मुळांवरचा रंग खरा. ते रंगलं, तर सगळंच खोटं.

(विकर मरतं, अशी बोलायची पद्धत आहे. ते जिवंत कधी नसतंच. पण आमच्या घरी हे कुणाला समजावणार? आम्ही जैन. जमिनीखालचं काही आमच्यात खात नाहीत. मुळा नाही, बटाटा नाही, कांदा नाही. शिकायला गेलेली मुलगी बटाट्यात मुळा धरून चिरते आणि वर उकळते, हे आईला मी सांगितलंच नव्हतं. काय करतीस गं तिथं, असं तिनं विचारलं की मी म्हणायची, पाणी उकळते. हे काम तिला पटण्यासारखं होतं.)

आणखी एक. काप चांगला आला की मी पळत जाऊन सरांना बोलवायची. "सर, चला, बघायला चला!" त्यांचा तास चालू असला तरी मी दारात उभी. सर खडू खाली ठेवून यायचे. त्या दिवशीही मी पळतच गेले होते, ताज्या मुळाचा सुरेख काप दाखवायला. तो बघून झाल्यावर सरांनी स्वतःच शेजारची पट्टी सरकवून घेतली. ती मी अजून बघितलीही नव्हती.


मधला काप

"लिही की," बापू म्हणाले. "अनवधानाने. शब्द तरी किती झकास हाय. कुणाचंच नाव येत न्हाई त्यात."

बापू चौगुले आमच्या विभागातले हंगामी प्रयोगनिदर्शक. वयानं माझ्याहून बरेच मोठे, अंगानं आडवे, आणि प्रयोगशाळेतली कुठलीही बंद पडलेली वस्तू आधी एक थाप मारून बघणारे.

"मी उकळलं होतं, बापू."

"मला काय सांगतीस? त्याच पाण्याचा चहा मी केला."

हे बोलून झाल्यावर आम्ही दोघांनीही भिंतीकडं बघितलं.

भिंतीवर सरांच्या हातची पाटी होती. 'येथे काहीही तोंडात घालू नये.' सर त्याबाबत कडक होते, आणि बरोबरच होतं, कपाटं विषांनी भरलेली. प्रयोगशाळेतला गॅस चहासाठी वापरायचा नाही, हाही त्यांचाच हुकूम. पण कँटीनच्या चहानं सरांना पित्त व्हायचं. बापूंनी त्यावर तोड काढली. ते रोज साडेदहाला सरांच्या खोलीत कप नेऊन ठेवायचे आणि सांगायचे, "कँटीनचा स्पेशल, सर. मालकाला खास सांगून करून घेतलाय." सरांना तो चहा फार आवडायचा.

तो स्पेशल चहा माझ्या टेबलावर व्हायचा. मोठ्या चंचुपात्रात पाणी, पाण्यात माझ्या नळ्या उभ्या, नळ्यांत मुळं. पाण्याला उकळी फुटली की बापू हाक मारायचे, "शालन, काढ गं तुझी पोरं." मी नळ्या बाहेर काढून गार पाण्यात ठेवायची आणि उकळतं पाणी बापूंच्या पातेल्यात जायचं. एकच गॅस दोनदा कशाला जाळायचा, असं त्यांचं म्हणणं. "पानी नळीच्या भायेर, मुळं नळीच्या आत. पान्याला काय ठावं आत कोन अंघोळ करतंय?" पातेलं त्यांनी घरून आणलेलं, साखर त्यांची, आणि सुंठ माझ्या घरची. ओलं आलं आमच्यात चालत नाही, सुंठ चालते.

"मी जाऊन सांगू?" बापूंनी विचारलं.

"काय सांगाल?"

"हेच. सर, पोरगी खरं बोलतीया. पुरावा काय म्हनाल, तर तिच्या मुळ्यांच्या अंघोळीचं पानी तुमच्या पोटात हाय." ते हसायला लागले आणि अर्ध्यातच थांबले. "शालन, मला कायम करायचा कागद सरांच्या टेबलावर पडलाय. धाकटीचं लगीन त्यावर ठरलंय."

"सांगू नका, बापू. मी तुम्हाला सांगायला सांगत नाही."

"मग लिहितीस?"

मी कागदाची घडी उलगडली. सरांचं अक्षर सुंदर होतं. वाक्यात एकही खोट नव्हती, एवढंच की ते घडलेलं नव्हतं.

"नाही," मी म्हणाले.


मधलाच काप, पुन्हा

शुक्रवारी सर स्वतः येऊन उभे राहिले.

"करा. रोज करता तसंच करा. मी फक्त बघतो."

मी नळ्या पाण्यात ठेवल्या. गॅस लावला. बापू लांबच्या टेबलावर काचेच्या बरण्या पुसत होते, त्याच त्याच. पाण्याला उकळी आली. हाक आली नाही. पाणी खळखळत राहिलं, नळ्या एकमेकींवर आपटून किणकिणत राहिल्या. सर हाताची घडी घालून बघत होते. आता काढू का, असं मी विचारलं नाही, काढा असं ते म्हणाले नाहीत. पाणी निम्म्यावर आलं तेव्हा त्यांनी मान हलवली.

साडेदहाला बापूंनी सरांना चहा दिला. त्या दिवशी तो खरोखरच कँटीनचा होता. सरांनी एक घोट घेतला आणि कपात बघितलं. "मालक बदलला का हो?"

"न्हाई, सर. म्हंजे, दूध बदललं असंल."

दुपारी उशिरा, नेहमीच्याच वेळेला, त्या मुळांचे काप काढले. हल्ली सकाळी पदवीच्या मुलांची प्रात्यक्षिकं असायची, सूक्ष्मदर्शक मोकळा होईपर्यंत उकळलेल्या मुळांना वाट बघावी लागे. काप द्रावणात सोडले. सर खुर्ची ओढून बसले. आम्ही थांबलो. नेहमीपेक्षा जास्त थांबलो.

पांढरं. वरपासून टोकापर्यंत, धुतलेल्या सुतासारखं पांढरं.

"बघा," सर म्हणाले. आवाजात जिंकल्याची छटाही नव्हती. "मी तुम्हाला खोटं ठरवत नाही, मगदूम. माणसाला खरंच वाटतं की आपण केलं होतं. दार लावलं की नाही हे घरापासून लांब गेल्यावर आठवत नाही, तसंच हे."

त्या वेळी मलाही क्षणभर तसंच वाटलं. दार लावलं होतं का मी? उकळी फुटलेली मी पाहिली होती का, की पाहिलीशी वाटत होती? बापू मान खाली घालून बरणी पुसत होते. बरणी कधीचीच कोरडी झाली होती.

जाताना सर दारात थांबले. "तो कागद आहे ना तुमच्याजवळ?"

"आहे, सर."


खालचा काप

रविवारी गावी होते. सकाळी आईनं पाणी गाळून चुलीवर चढवलं होतं. आमच्या घरी पिण्याचं पाणी फडक्यानं गाळून, उकळून. रोजचं. आई बाहेरगावी गेली तरी तिचा तांब्या आणि फडकं तिच्याबरोबर.

"ते छोटं पातेलं आधी संपव," ती म्हणाली. "भांड्यांना घे. त्याची मुदत होत आली."

"कालचंच आहे की."

"काल संध्याकाळी नुसतं तापवलंवतं. गॅसनं मान टाकली मधेच. तापवलेल्याची मुदत थोडी असती. खळखळून उकळलेलं जास्त टिकतं."

हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. कुणी रोज सकाळी अंगणात सडा टाकताना ऐकावं तसं, न ऐकता.

"मुदत संपली की काय होतं, आई?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "येवढी शिकलीस आणि हे मला इचारतीस? जीव धरतं परत."

"एकदा उकळलेलं?"

"एकदा उकळलं म्हंजे कायमचं झालं का? वेळ गेली की धरतं. कमी उकळलं की लवकर धरतं." तिनं मोठ्या पातेल्यावर झाकण सरकवलं. "तुमच्यात तिथं किती वेळ उकळतात?"

मी हातातलं पातेलं तसंच धरून उभी राहिले.

आई पाण्यातल्या जीवांबद्दल बोलत होती. मी विकराबद्दल विचार करत होते. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं आणि आजही आहे. पण किती उकळलं आणि मग किती वेळ गेला, हे दोन प्रश्न तिनं एका दमात विचारले होते, आणि मी आजवर एकही विचारला नव्हता. उकळी म्हणजे उकळी, एवढंच मी धरून चालले होते. शुक्रवारी चहा झाला नव्हता. चहा झाला नाही म्हणून नळ्या काढल्या नव्हत्या. नळ्या काढल्या नाहीत म्हणून—

"अगं, सांडतंय ते," आई म्हणाली.


त्याच्याही खाली

सोमवारी सकाळी सरांच्या खोलीत गेले. अहवाल त्यांच्यासमोर ठेवला. त्यात ते वाक्य नव्हतं.

त्यांनी तो चाळला आणि बंद केला. "मगदूम."

"सर, एकदाच अजून उकळते. तुमच्यासमोर. मग तुम्ही म्हणाल ते लिहीन."

"शुक्रवारी झालं की ते."

"शुक्रवारी जास्त उकळलं, सर."

ते उठले. मला वाटतं, 'म्हणाल ते लिहीन' यासाठीच उठले.

बापूंना मी आधीच सांगून ठेवलं होतं, की चहाचं नाव निघणार नाही. नळ्या लवकर काढीन आणि सरांनी का विचारलं तर घाई झाली म्हणेन. घाई कुणालाही होते. बापू फक्त हं म्हणाले होते.

पाण्याला उकळी फुटली. पहिले मोठे बुडबुडे वर आले न आले तोच मी नळ्या उचलून गार पाण्यात ठेवल्या.

"इतक्यात?" सर म्हणाले.

"रोज एवढंच उकळते, सर."

"का पण? तुमच्याच पद्धतीत याच्या कितीतरी पट लिहिलंय."

मी तोंड उघडलं.

"च्यासाठी, सर," मागून आवाज आला.

बापू कपाटाशी उभे होते. एका हातात पातेलं, दुसऱ्यात साखरेचा डबा. दोन्ही त्यांनी कपाटामागून काढून आणले होते.

"कशासाठी?"

"च्यासाठी. ह्या पान्याचा मी च्या करतो. उकळी आली की ह्या पोरीला नळ्या काढाय लावतो, पानी थंड हुतं म्हनून. तिची काय चूक न्हाई."

सरांनी आधी पातेल्याकडं बघितलं, मग भिंतीवरच्या पाटीकडं, मग परत पातेल्याकडं.

"म्हणजे कँटीनचा स्पेशल..."

"कँटीनात स्पेशल नसतोच, सर. तिथं एकच असतो."

"कधीपासून?"

"दिवाळीपासनं."

"त्यात काहीतरी तिखट लागतं. मला वाटायचं, मिरी."

"सुंठ, सर. शालनच्या घरची."

सर खुर्चीवर बसले. पाणी उकळतच होतं. कुणीच गॅस बंद करेना.

"करा," सर म्हणाले.

"काय, सर?"

"चहा. रोज करता तसाच करा, चौगुले. काही बदललंत तर प्रयोग बिघडेल."

बापूंनी चहा केला. आयुष्यात एवढ्या मन लावून कुणी केला नसेल. सरांनी तो दारापलीकडं, व्हरांड्यात उभं राहून प्यायला, पाटीचा मान ठेवून. तोवर मी त्या उकळलेल्या मुळांपैकी एक कापून द्रावणात सोडलं होतं. सरांनी येऊन बघितलं.

"पांढरं."

"होय, सर. आत्ता पांढरंच. आता थांबायचं."

"किती?"

"नेहमी जेवढं थांबते तेवढं. दुपारपर्यंत."

सर रोज दुपारी जेवायला घरी जात. त्या दिवशी गेले नाहीत. माझ्या टेबलाशी बसून राहिले. बापूंनी आपल्या डब्यातली अर्धी भाकरी पुढं केली, ती त्यांनी व्हरांड्यात जाऊन खाल्ली. मुलं प्रात्यक्षिकं आटोपून गेली. नळ्या खिडकीत उभ्या होत्या, त्यांत मुळं बुडाशी पडलेली, मऊ, पारदर्शक, जे काय व्हायचं ते होऊन गेल्यासारखी.

मग मी दुसरं मूळ उचललं, बटाट्यात धरलं, काप काढले. काप द्रावणात सोडले, थेंब टाकले.

आधी काही नाही.

"सर," बापू कुजबुजले, "तिकडं वरच्या अंगाला..."

वरच्या अंगाला पिवळसर झाक आली. ती नारिंगी झाली. मग तांबूस. जिथं पेशी जुन्या, भिंती कडक झालेल्या, तिथं आधी. तिथून रंग हळूहळू खाली उतरत आला.

सर सूक्ष्मदर्शकावर वाकले ते किती वेळ वाकलेलेच होते. शेवटी म्हणाले, "परत आलं."

बापूंनी माझ्याकडं बघितलं.

"थोडक्यात उकळलं होतं, म्हणून मेलं नाही. नुसतं पडून होतं. वेळ मिळाला आणि परत उठलं." ते स्वतःशीच बोलत होते. मग पट्टी थोडी सरकवली. "टोक मात्र नाही. टोक पांढरंच आहे. बघा तुम्ही."

मी बघितलं. टोक पांढरंच होतं.

"थांबू या अजून," ते म्हणाले. थांबलो. बाहेर दिवे लागले तरी टोकाला रंग चढला नाही.

सरांनी टेबलावरचा अहवाल ओढला, पेन काढलं, सही केली. मग हात पुढं केला. मला कळेना. "तो कागद," ते म्हणाले. मी पर्समधून काढून दिला. त्यांनी तो न उलगडता खिशात घातला.

"तुम्ही उकळलं होतं," सर म्हणाले.

"होय, सर."


टोक

पुढं ग्रंथालयात सापडलं, की थोडकं तापवलेलं हे विकर काही वेळानं परत कामाला लागतं, हे कोबीत आणि सलगमात इतरांनी आमच्या आधीच पाहिलं होतं. नवं असं आम्ही काही शोधलं नव्हतं. माझ्या प्रबंधात त्याचं एक लहानसं प्रकरण झालं. बापू त्या उन्हाळ्यात कायम झाले, धाकटीच्या लग्नात पंगतीला स्वतः वाढत फिरले. सरांनी व्हरांड्यात चहासाठी वेगळी शेगडी बसवून घेतली आणि कपाटामागचं पातेलं तिथं उघड्यावर आलं. सर माझ्याशी आधीपेक्षाही चांगलं वागत. माझं कुठलंही निरीक्षण त्यांनी पुन्हा तपासायला मागितलं नाही.

मीच तपासायची. पट्टी लागली की आधी उकळलेली बघायची, मग ताजी, मग परत उकळलेली. नळीवर बापूंची सही घ्यायची. सगळं जागच्या जागी आहे असं वाटलं, की हात धुऊन, पुसून, सरांच्या खोलीपर्यंत चालत जायची. आत तास चालू असला तर बाहेरच्या बाकावर बसायची. प्रबंध पुरा होईपर्यंत हे असंच चाललं. कुणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही. मलाही नाही.

सर निवृत्त झाले त्या दिवशी मी दुसऱ्या गावच्या कॉलेजातून भेटायला गेले. समारंभ उरकला होता. व्हरांड्यात शेगडीशी आम्ही तिघंच. बापू पेढ्यांचे रिकामे बॉक्स बांधत होते. सरांच्या गळ्यातला हार खुर्चीच्या पाठीवर लटकत होता.

"सुंठ आणलीत का?" सरांनी विचारलं.

"आणलीय, सर."

बापूंनी कप भरले. सर थोडा वेळ नुसते फुंकर घालत राहिले. समोरच्या मोकळ्या लांब व्हरांड्याकडं बघत होते. त्यांची खोली एका टोकाला, प्रयोगशाळा दुसऱ्या.

"मगदूम, तुम्ही पूर्वी पळत यायच्या इथून."

"होय, सर."

"चपलांचा आवाज यायचा. मी खडू आधीच खाली ठेवायचो."

बापूंनी सुतळीची गाठ मारली, सोडली, परत मारली.

सरांनी कप खाली ठेवला. "त्या टोकाचं पुढं काय झालं? जास्त वेळ ठेवून बघितलंत ना तुम्ही नंतर?"

"बघितलं, सर. दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवलं. तिसऱ्याही."

"रंगलं कधी?"

"नाही, सर."

त्यांनी मान हलवली. मी उठले आणि दुसऱ्या चहाचं पाणी ठेवलं.